अठरा नेले, अठरा आणले

गेल्या बावीस वर्षांत मी मांडू सहाशे एकेचाळीस वेळा पाहिलं. हा आकडा माझ्या वह्यांतला आहे, अंदाजाचा नाही. आमच्या घरी यावर असं म्हणतात की, एवढ्या वेळा तर तिथल्या सुलतानांनीही मांडू पाहिलं नसेल, त्यांना मधूनमधून लढाईला जावं लागायचं. मला लढाईला जावं लागत नाही. मी देवासहून एका दिवसाची सहल नेतो. पहाटे साडेपाचला निघायचं, धारला पोहे आणि किल्ला, मग मांडू, आणि परतताना तिरल्याच्या वाटेवर एका पाटीदार शेतकऱ्याचा द्राक्षमळा. तो आपल्याच द्राक्षांची वाइन करतो आणि आल्यागेल्याला चाखवतो. रात्री जेवायला माणसं आपापल्या घरी.

या सहाशे एकेचाळीस फेऱ्यांत जेवढी माणसं नेली तेवढी परत आणली. एका फेरीबद्दल मात्र एवढंच वाक्य लिहून भागणार नाही. संपादकांनी अनुभव मागितले, तेव्हा तीच फेरी आधी आठवली.

पण आधी धंद्याबद्दल थोडं. लोकांना वाटतं, गाईडला इतिहास यावा लागतो. इतिहास चालकालाही येतो. आमचा चालक गोवर्धन भिया मालवीतून जो इतिहास सांगतो तो माझ्यापेक्षा रंगतदार असतो, कारण त्याच्यावर पुराव्याचं बंधन नाही. गाईडला खरं तर तीन गोष्टी याव्या लागतात. स्वच्छ संडास कुठे आहे, ऊन कोणत्या भिंतीवर किती वाजता येतं, आणि माणसं मोजणं. पहिल्या गोष्टीवर माझं नाव टिकून आहे. लोक जहाज महाल विसरतात. नालछ्याच्या अलीकडचा धुतलेला संडास कोणी विसरत नाही.

आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर आहे आणि त्याचा मला तोटाच झाला आहे. जहाज महालापाशी दुसरे गाईड हात पसरून सांगतात, इथे सुलतानाच्या पंधरा हजार बायका राहत. मी ती इमारत पावलांनी मोजली आहे. पंधरा हजार बायका तिथे ठेवायच्या तर सगळ्या उभ्या ठेवाव्या लागतील, आणि त्याही पाळीपाळीनं. म्हणून मी म्हणतो, “पुष्कळ बायका होत्या.” माणसं नाराज होतात. एकदा पुण्याचे एक गृहस्थ मला म्हणाले, “अहो, आम्ही दोन दिवस प्रवास करून आलो, आणि तुम्ही पुष्कळवर भागवता?” मी म्हटलं, “साहेब, फार तर बऱ्याच पुष्कळ म्हणतो. त्यापुढे नाही.”

तिथे एक जागा आहे, जिथून हाक मारली की समोरच्या इमारतीवरून तीच हाक परत येते. माणसाचा स्वभाव मला त्या जागेवर कळतो. नवीन लग्न झालेले एकमेकांची नावं घेतात. पन्नाशीचे नवरे स्वतःचं नाव घेतात. एका बँकेच्या सहलीत एका कारकुनानं मॅनेजरच्या नावापुढे एक विशेषण लावून जोरात हाक दिली. हाक परत आली. मॅनेजरही परत आले, कारण ते खालच्या कट्ट्यावर बुटाची लेस बांधत होते. परतीच्या चार तासांत त्या गाडीत कोणी बोललं नाही. गोवर्धन भिया म्हणाला, “भिया, ऐसी शांती तो मैंने मसान में भी नी देखी.”

आता मोजणी. ‘सगळे आले का?’ हा प्रश्न गाईडनं कधीही विचारू नये. जो आलेला नसतो तो उत्तर देत नाही. बाकीचे एका सुरात ‘हो’ म्हणतात. सीटही मोजू नयेत, सीटवर शाली आणि पिशव्या बसलेल्या असतात. डोकी मोजायची, स्वतःच्या डोळ्यांनी, गाडीचं इंजिन सुरू व्हायच्या आधी. हा नियम मी केला, आणि तो एकदाच मोडला.

ती सहल देवासच्या एका महिला भजनी मंडळाची होती. रथसप्तमी झाली होती, हळदीकुंकवं संपली होती, आणि मंडळाच्या बायकांना एक दिवस घराबाहेर हवा होता. अठरा जणी. पुढारी कमलताई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी कार्यक्रमाचा कागद वाचला आणि द्राक्षमळ्यावर बोट ठेवलं.

“इथे काय दाखवतात?”

“वाइन करतात, ताई. चाखवतातही. आधीच सांगून ठेवतो.”

कमलताईंनी चष्मा काढून पुसला. “द्राक्षांचीच ना?”

“द्राक्षांचीच.”

“म्हणजे द्राक्षासवच की. आमच्या सासऱ्यांना वैद्यांनी रोज दोन चमचे दिलं होतं. राहू द्या.”

निघायच्या दिवशी पहाटे सगळ्यांत शेवटी अक्कासाहेब आल्या. त्यांचं घराणं जुन्या दरबारातलं, वय सत्तरीच्या पुढे, अंगावर जरीकाठी नऊवार आणि पायात मुलाचे पांढरे खेळाचे बूट. सोबत मुलगा होता, बंटी. बंटी पंचेचाळीस वर्षांचा आहे, पण देवासमध्ये एकदा बंटी झालेला माणूस पुढे वाढत नाही. त्यानं मला बाजूला घेतलं.

“भाऊ, आई आजकल विसरते. दोन वेळा गॅस चालू सोडला. एकदा टेकडीवर दर्शनाला गेली आणि दुसऱ्याच उतारानं खाली आली, तीन घंटे ढूँढ रहे थे. मी तर नकोच म्हणत होतो, पण चार दिवस जेवली नाही. अब आप देख लेना. काही झालं ना, तर ही पहिली और आखिरी.”

बंटी वाईट मुलगा नाही हे मी इथेच लिहून ठेवतो. आईची एक गोळी दुपारची, एक संध्याकाळची, असं त्यानं पिशवीवर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं. फोन पिशवीत टाकला, तो दर दोन तासांनी वाजेल असं सांगितलं आणि पिशवी आईच्या खांद्याला अडकवली. अक्कासाहेब हे सगळं सहन करत उभ्या होत्या. तो गेल्यावर मला म्हणाल्या, “भाऊसाहेब, आपण ऐकलंत ना? आज मी हरवले तर आयुष्यभर घरात. तेव्हा कृपा करून मला हरवू नका.”

“मी मोजून नेतो, अक्कासाहेब,” मी म्हटलं. “इतक्या वर्षांत एक माणूस कमी झालेला नाही.”

“मग मला काळजी नाही,” त्या म्हणाल्या आणि मागच्या एकट्या सीटवर जाऊन बसल्या.

धारला पोहे झाले. किल्ल्यावरून उतरल्यावर मी दारात उभा राहून नेहमीसारखं बोट दाखवत मोजू लागलो, “एक, दोन, तीन...” चौथ्या सीटवरून आवाज आला, “अहो भाऊ, माणसं अशी बोटानं मोजतात होय? आम्ही काय बकऱ्या?” दुसरी म्हणाली, “आणि एक म्हणू नये. लाभ म्हणावं.”

हे मला ठाऊक होतं. माझे आजोबा देवासच्या थोरल्या पातीच्या कोठारात धान्य मोजायला होते. बाहेरच्यांसाठी सांगतो, देवासला पूर्वी दोन भावांची दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, गाव एकच. आजोबा पायली भरताना पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. एकानं सुरुवात केली की धान्य एकटं पडतं, अशी समजूत. मी बोट खाली केलं आणि डोळ्यांनीच मोजलं. लाभ, दोन, तीन. अठरा. सगळ्या खूश झाल्या.

मांडूत मी त्यांना पुष्कळ बायका, जाड भिंती आणि राजवाड्याचे हौद दाखवले. अठरा जणींनी मिळून एकवीस मांडूच्या चिंचा घेतल्या. ही चिंच म्हणजे नारळाएवढं फळ, आत पांढरा आंबट गर. एकीच्या पिशवीतून एक फळ सुटून उतारावरून गडगडत गेलं आणि एका परदेशी पाहुण्याच्या पायापाशी थांबलं. त्यांनी ते उचलून नमस्कार करून परत दिलं. हाकेच्या जागी कमलताईंनी मंडळाच्या पेटीवाल्या बाईंचं नाव घेऊन विचारलं, “सूर लागला का?” आणि भिंतीनं तोच प्रश्न परत विचारला. अक्कासाहेबांनी हाक मारली नाही. त्यांनी मला विचारलं, “भाऊसाहेब, हे गाव कोणतं म्हणालात?” मी सांगितलं. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आधी स्वतःच म्हणाल्या, “मांडू. पाहा, राहिलं लक्षात.” निघताना मोजलं. अठरा.

दुपारी सव्वातीनला द्राक्षमळ्यावर पोचलो. पाटीदार उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्याला वाटलं, भजनी मंडळ म्हणजे रस द्यावा. त्यानं रसाचे पेले भरायला घेतले तेव्हा कमलताई म्हणाल्या, “ते मुलांसाठी ठेवा. आसव कुठे आहे?”

पुढची वीस मिनिटं मी सहाशे एकेचाळीस फेऱ्यांत पाहिली नाहीत अशी गेली. पाटीदार सांगत होता, पेला तिरका धरा, वास घ्या, मग जिभेवर फिरवा. मंडळाच्या बायकांनी वास घेतला, आणि एकीनं निर्णय दिला की जरा कढीपत्ता हवा होता. लालपेक्षा पांढरी सौम्य, यावर दोन गट पडले. कोषाध्यक्ष बाईंनी नियमाप्रमाणे दोनच चमचे घेतले, पण नऊ वेळा. लपवालपवी नको म्हणून लिहितो, मलाही आग्रह झाला आणि मी दोन घोट घेतले. पुढे जे झालं ते त्या घोटांमुळे झालं नाही. पण ते घेतले होते.

निघायची वेळ झाली. काही जणींनी द्राक्षांच्या पेट्या घेतल्या होत्या, त्या मी गाडीच्या मागच्या बाजूला रचत होतो. वरची पेटी सोडली तर तीन पेट्या रस्त्यावर आल्या असत्या. तेव्हा कमलताई पुढच्या दारातून ओरडल्या, “भाऊ, मी मोजते! तुम्ही ते सांभाळा!”

मी विचार केला, तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. हा विचार चुकीचा नव्हता, अपुरा होता.

“अठरा!” कमलताईंचा आवाज आला. मी मागचं दार बंद केलं, पुढे जाऊन बसलो, आणि गोवर्धननं गाडी काढली.

गाडीत गाणं सुरू झालं. एरवी संथ लयीतली भजनं त्या दिवशी द्रुत झाली होती. घाटाबिल्लोदच्या अलीकडे, मळ्यापासून पस्तीस किलोमीटरवर, मागच्या बाजूला फोन वाजला. वाजतच राहिला. कोणीतरी म्हणालं, “अक्कासाहेब, आपला फोन.” मग आणखी एक, “अक्कासाहेब, अहो उठा.”

मी मागे गेलो. सीटवर शाल होती, नीट उभी घडी घातलेली, आणि तिच्यावर पिशवी. लांबून पाहिलं तर बाई झोपल्यासारखी. पिशवीत फोन चमकत होता. बंटी.

“गोवर्धन, गाडी फिरव,” मी म्हटलं.

“क्या हुआ, भिया?”

“फिरव!”

मी कमलताईंकडे वळलो. “ताई, तुम्ही अठरा म्हणालात.”

“अठराच होत्या.”

“कशा मोजल्यात? मोजून दाखवा.”

कमलताई उठल्या. समोरच्या काचेवर गोवर्धननं देवासच्या टेकडीवरच्या मातांचा फोटो लावला आहे. कमलताईंनी फोटोला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाल्या, “लाभ.” मग पहिल्या सीटवरच्या बाईकडे पाहून, “दोन.”

गाडीत मी सोडून कोणाला काही वावगं वाटलं नाही.

“ताई, लाभ कोणाला म्हणालात?”

“मातेला. पहिलं माप देवाचं. आमच्याकडे पहिली पायली लाभ म्हणून देवापुढे ठेवायची आणि दोनपासून घरची. आमच्या आजोबांनी धाकट्या पातीच्या कोठारात जन्मभर असंच मोजलं.”

“लाभ म्हणजे एक, ताई! थोरल्या पातीत पहिली पायलीच लाभ!”

“तुमच्या थोरल्या पातीत देवाला काही द्यायची पद्धत नसेल,” कमलताई म्हणाल्या. पण म्हणतानाच त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. गणित त्यांना माझ्या आधी कळलं होतं. थोडक्यात, आम्ही अक्कासाहेबांना तिरल्याला ठेवून माताजींना मोजून आणलं होतं. फोटोत थोरली आणि धाकटी अशा दोन्ही माता होत्या. त्यांनी दोन्ही मोजल्या असत्या तर आणखी एक बाई मागे राहिली असती.

मी पाटीदाराला फोन लावला. “बाई?” तो म्हणाला. “यहाँ तो सब निकल गए, भिया. मैं तो नाके पे हूँ, कारखाने पे फोन उठानेवाला कोई नहीं है. देखता हूँ.” मग त्याचा फोन लागेना. मळ्याच्या पुढे हमरस्ता आहे, ट्रक जातात. मागे विहीर आहे, कठडा गुडघ्याएवढा. ही दोन्ही अंतरं मला पावलात माहीत होती, आणि त्या वेळी ती माहीत नसती तर बरं झालं असतं.

पिशवीतला फोन पुन्हा वाजला.

“उचलू नका,” एक म्हणाली. “उचला, नाहीतर तो पोलिसात जाईल,” दुसरी म्हणाली.

“मी सांगतो,” मी म्हटलं. “जे झालं ते सांगायला हवं.”

“काय सांगाल? आई नाही म्हणून?” कमलताईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. “आधी शोधू, मग सांगू. गा गं, सगळ्या! मोठ्यानं!”

त्या आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही. सतरा बायका, टाळ नसल्यामुळे मांडूच्या चिंचा एकमेकींवर आपटत, जिला जे आठवेल ते गात होत्या. त्यात दोन तरी आरत्या होत्या. कमलताईंनी फोन उचलून त्या गदारोळात ओरडून सांगितलं, “बंटी! भजन चाललंय! ऐकू येत नाही! उशीर होईल! आई? अरे, आई रंगात आहे!” आणि फोन बंद केला. मग खाली बसून रडू लागल्या. गाणं मात्र आणखी दोन किलोमीटर चाललं, कारण थांबा असं सांगायला कोणाला सुचलं नाही.

मी पुढे बसून आकडे मांडत होतो. चार वाजता निघालो, पावणेपाचला कळलं, परत पोचायला साडेपाच. संध्याकाळची गोळी सहाला. गोळी माझ्या मांडीवर होती.

पाच पस्तीसला आम्ही मळ्यात शिरलो. चाखायच्या खोलीत कोणी नाही. संडासाच्या बाजूला नाही. विहिरीकडे मी पळत गेलो, आणि कठड्याशी पोचल्यावर आत पाहायला मला धीर होईना. पाहिलं. पाण्यात आभाळ होतं, बाकी काही नाही. तेवढ्यात मागून गोवर्धनची हाक आली, “भिया! अठे बैठी है, अठे!”

कारखान्यामागे पत्र्याची शेड आहे. पाटीदार वाइनखेरीज खायची द्राक्षंही विकतो, ती तिथे निवडून पेट्यांत भरतात. लांब टेबलाभोवती सहा भिल्ल बायका बसल्या होत्या आणि सातव्या अक्कासाहेब. पदर खोचलेला, बोटं काळ्या द्राक्षांनी जांभळी. हातात छोटी कात्री. घडातला खराब मणी त्या टोकानं उचलून टाकत होत्या, बाकीच्यांना धक्का न लावता.

“आलात?” त्या म्हणाल्या. “वेळ लावलात. माझ्या चार पेट्या झाल्या.”

कमलताई त्यांच्या पायाशी बसल्या. शेजारची भिल्लीण म्हणाली, “बाईजी का हाथ अच्छा है. हमको सिखाया.”

“अक्कासाहेब, गाडी गेली ते कळलं नाही आपल्याला?” मी विचारलं.

“कळलं की. या खिडकीतून दिसली जाताना.”

“मग हाक नाही मारलीत?”

“कशाला? आपण मोजता ना? एक कमी पडले की याल, म्हटलं. आणि आलात.”

आम्ही मोजून आलो नव्हतो. फोन वाजला म्हणून आलो होतो. इतक्या वर्षांत माझ्या मोजणीवर एवढा विश्वास कोणी टाकला नव्हता, आणि टाकला तो नेमका मी मोजलं नाही त्या दिवशी. मी त्यांना तसं सांगितलं. माताजींना मोजल्याचंही सांगितलं. त्या इतक्या हसल्या की हातातली कात्री खाली ठेवावी लागली.

मग ती कात्री पुन्हा उचलून त्यांनी उजेडात धरली. “घरी मला सुरी देत नाहीत, भाऊसाहेब. भाजी चिरून ठेवतात, मी ती पाहते. इथे कोणी नाव विचारलं नाही. बसले, तर त्या मुलीनं कात्री हातात दिली.” आणि कात्री टेबलावर ठेवून म्हणाल्या, “बंटीला सांगू नका. सांगितलंत तर टेकडीवरसुद्धा जाऊ देणार नाही.”

मी म्हटलं, “मी खोटं बोलणार नाही.”

“खोटं कोण म्हणतंय? विचारेल तेवढंच सांगा.”

त्यांनी गोळी घेतली. मी अठरा जणींना शेडच्या दारातून एकेक करून गाडीत चढवलं, प्रत्येकीच्या खांद्याला हात लावून, आणि कोणी तक्रार केली नाही. देवासपर्यंत गाडीत कोणी गायलं नाही. अक्कासाहेब पुढच्या सीटवर झोपल्या.

बंटी स्टँडवर उभा होता. दोन तास उशीर झाला होता. त्यानं आईला हात धरून उतरवलं, तिच्या पायातले बूट पाहिले, तोंड पाहिलं, मग माझ्याकडे वळला.

“भाऊ, सब ठीक ना? काही प्रॉब्लेम?”

सतरा बायका माझ्याकडे पाहत होत्या. अक्कासाहेब पाहत नव्हत्या. त्या रस्त्यापलीकडे कुठेतरी पाहत होत्या, आणि पदराच्या टोकानं जांभळी बोटं झाकत होत्या.

“अठरा नेले, अठरा आणले,” मी म्हटलं. “मोजून घ्या.”

आकडा खरा होता. त्यानं माझा हात हातात घेऊन थँक्यू म्हटलं. त्या रात्री वहीत मी तेच लिहिलं, पण पेन खाली ठेवता आलं नाही. विहीर होती, रस्ता होता, आणि मुलानं मला साधा प्रश्न विचारला होता. खऱ्या आकड्यानंही माणसाला फसवता येतं हे मला पन्नाशीत कळलं. दुसरे गाईड पंधरा हजार सांगून फसवतात, मी अठरा सांगून फसवलं.

पुढच्या वर्षी अक्कासाहेब पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही. एकदा हरवल्या नाहीत म्हणून बंटीनं सोडलं, असं तो सांगायचा, आणि मी संडासाचा बंदोबस्त पाहायला निघून जायचो. त्या पुढच्या सीटवर बसायच्या. मी मोजणी त्यांच्यापासून सुरू करायचो. “लाभ,” मी म्हणायचो, आणि त्या मान हलवून मंजुरी द्यायच्या. कमलताई आता मोजत नाहीत. त्या फोटोला नमस्कार करतात आणि गप्प बसतात.

गेल्या रथसप्तमीनंतरच्या सहलीला मात्र बंटी स्वतःसाठीही सीट घेऊन आला. आईचं विसरणं वाढलं होतं. मांडूत अक्कासाहेबांनी मला गावाचं नाव सात वेळा विचारलं, मी सात वेळा सांगितलं, आणि आठव्यांदा त्यांचं त्यांना आठवलं नाही. कमलताईंना त्या आपली धाकटी जाऊ समजत होत्या. मळ्यावर पोचलो तेव्हा बाकीच्या जणी आसवाकडे वळल्या, आणि अक्कासाहेब कोणाला न विचारता कारखान्याला वळसा घालून सरळ शेडमध्ये गेल्या. टेबलाशी बसल्या आणि हात पुढे केला. भिल्लिणीनं कात्री दिली.

बंटी त्यांच्या मागे पळत गेला होता. तो शेडच्या दारात थांबला. बराच वेळ तिथे उभा राहिला, मग माझ्याकडे आला.

“भाऊ, हिला माझं नाव सकाळपासून आठवत नाही. यह शेड कैसे पता?”

मी सांगितलं. लाभ, माताजी, घाटाबिल्लोद, चिंचांचे टाळ, विहीर, सगळं.

“कितना टाइम?” त्यानं विचारलं.

“एक तास पस्तीस मिनिटं.”

“अकेली?”

“नाही. सहा जणी होत्या बरोबर.”

त्याच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. मी खाली पाहून उभा होतो, कारण तो जे काही बोलला असता ते मला लागू होतं. तो परत शेडकडे गेला. आत जाताना मला ऐकू आलं, “आई, किती पेट्या झाल्या?”

“दोन,” अक्कासाहेब मान वर न करता म्हणाल्या. “तू कोण रे? बस. तो घड घे.”

तो बसला. चार पेट्या होईपर्यंत आम्ही थांबलो. मग सगळ्यांना गाडीत बसवून मी दारात उभा राहिलो आणि मोजलं, पहिल्या सीटवरच्या अक्कासाहेबांपासून. लाभ, दोन, तीन. एकोणीस भरले. माताजी सोडून.